सब्र कमी पडला असे नाही: कॅन्सर, शरीरातला दाह आणि मनाची उदासी

घरात कुणाला कॅन्सर निघाला की सगळे घर गाठीच्या मागे लागते. सुईचा तपास, सिटी स्कॅन, ऑपरेशन, किमो, लाईट. प्रत्येक तारीख वहीत लिहिलेली असते, प्रत्येक रिपोर्ट पिशवीत जपून ठेवलेला असतो. पण त्याच घरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या मनाची नोंद कुठल्याच वहीत नसते. अम्मी दोन-दोन दिवस बोलत नाहीत. अब्बा नातवाकडे बघतही नाहीत. जेवणाचे ताट तसेच परत जाते. मग पाहायला आलेले लोक सांगतात, "सब्र करा, हिंमत ठेवा." कुणी म्हणते, "मायूसी कुफ्र है." आजारी माणूस मान हलवतो आणि आणखी गप्प होतो. आता त्याच्यावर दोन ओझी असतात, एक आजाराचे आणि दुसरे आपला ईमान कमजोर पडल्याच्या शरमेचे.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात, लातूर-नांदेडच्या आपल्या सगळ्या भागात, हे चित्र नवीन नाही. आम्ही शाळेत शिकवणारे लोक, डॉक्टर नव्हे. पण विज्ञानात गेल्या तीस-चाळीस वर्षांत या उदासीबद्दल जे समजले आहे ते घरोघरी पोचले पाहिजे असे आम्हाला वाटते. एका वाक्यात सांगायचे तर, कॅन्सरच्या रुग्णाची उदासी ही पुष्कळदा शरीरात पेटलेल्या दाहाचाही भाग असते. तिचा ईमानाशी हिशेब लावू नये. आणि तिच्यावर इलाज आहे.

दाह म्हणजे काय?

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने लिहून ठेवली. मराठीत याला दाह म्हणतात, उर्दूत सोज़िश. आपल्या शरीराची ही राखण आहे. काट्यासोबत जंतू आत आले, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. धावायचे कुठे हे त्यांना कसे कळते? पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे अगदी बारीक प्रथिने. त्यांना सायटोकाइन असे नाव आहे. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली दोन नावे पुढे पुन्हा येतील. हे निरोप वाढले की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन नावाचा पदार्थ जास्त बनवते. लॅबच्या कागदावर "सीआरपी" म्हणून तो आपण पुष्कळदा पाहिलेला असतो.

काटा निघाला की दाह विझतो. असा थोडा वेळचा दाह फायद्याचाच. त्रास होतो तो आग मंद मंद, आठवडेच्या आठवडे, महिने जळत राहिली की. वरून काही दिसत नाही. लाल नाही, सूज नाही, पण रक्तात निरोप फिरतच राहतात.

तापात मन का मिटते?

आपल्याला फ्लूचा ताप आला की काय होते ते आठवा. अंग दुखते, भूक जाते, हे तर आहेच. पण कुणाशी बोलावेसे वाटत नाही, आवडीची गोष्ट नकोशी होते, पांघरूण घेऊन पडून राहावे वाटते. २००६ च्या साथीत ज्यांना चिकनगुनिया झाला, त्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. तेव्हा आपण कुणाला "तुझी हिंमत कमी आहे" असे म्हटले नाही. अंगात ताप आहे, हे सगळ्यांना कळत होते.

जनावरांतही हेच दिसते. आजारी शेळी कळपापासून दूर जाऊन बसते, चरत नाही. १९८८ साली बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाने लिहिले की हे वागणे म्हणजे शरीराची योजना आहे. ताकद वाचवायची आणि ती जंतूंशी लढायला द्यायची. पुढे रॉबर्ट डँट्झर आणि इतर शास्त्रज्ञांनी दाखवले की या वागण्यामागे तेच सायटोकाइन निरोप असतात.

माणसांवरही हे तपासले गेले. इंग्लंडमध्ये धडधाकट तरुणांना टायफॉइडची लस टोचली गेली. या लशीने थोडा वेळ रक्तातले इंटरल्युकिन-६ वाढते. काही तासांतच त्यांचे मन साधे पाणी टोचलेल्या दिवसापेक्षा जास्त मलूल झाल्याचे दिसले. त्यांच्यावर ना कर्ज होते, ना कुठले दुःख. नुसता दाह जरासा वाढला आणि मनाचा रंग बदलला. लस घेऊन आलेले बाळ त्या रात्री किरकिरे होते, ते तरी दुसरे काय असते?

निरोप मेंदूपर्यंत जातो कसा?

मेंदू कवटीत बंद आहे, मग पोटातल्या किंवा जबड्यातल्या दाहाची बातमी त्याला कोण देते? याचे एकापेक्षा जास्त रस्ते आहेत. एक रस्ता व्हेगस नावाच्या लांब नसेचा. ही नस मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाते आणि खालची खबर वर नेते. दुसरा रस्ता रक्ताचा. काही सायटोकाइन मेंदूभोवतीच्या पडद्यातून आत पोचतात किंवा त्या पडद्यावरच्या पेशींना जागे करतात. मग मेंदूतल्या राखणदार पेशी आपल्याकडचे निरोप सोडू लागतात.

याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. डाळ, दूध, अंडी यांच्या प्रथिनांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक मिळतो. शरीर त्यातला थोडा भाग सेरोटोनिन बनवायला वापरते. मन, झोप, भूक यांच्याशी सेरोटोनिनचा संबंध आहे. दाह वाढला की एक विकर जागे होते आणि ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेला वळवते. तिथून जे पदार्थ बनतात, त्यांतले काही मेंदूच्या पेशींना त्रासदायक असतात. शेताकडे जाणाऱ्या पाटाचे पाणी कुणी मध्येच फोडून ओढ्याला सोडावे, तसा हा प्रकार. मेंदूत उमेद आणि आवड जागवणारे डोपामिनचे कामही दाहात मंदावते. म्हणून रुग्णाला एखादी गोष्ट करावीशीच वाटत नाही. बाहेरून आपल्याला तो आळस दिसतो.

कॅन्सरमध्ये ही आग कुठून येते?

कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच पाहिले होते. गाठ स्वतः सायटोकाइन सोडते. तिच्याशी लढणाऱ्या पेशीही सोडतात. त्यात ऑपरेशनची जखम, किमो आणि रेडिएशनने मरणाऱ्या पेशी, तोंड आल्याने झालेले फोड, मध्येच होणारे जंतुसंसर्ग या सगळ्यांची भर पडते. म्हणजे ज्या इलाजाने जीव वाचणार आहे, तोही काही काळ आग वाढवतो. किमोनंतरचा तो न संपणारा थकवा, जो झोपूनही जात नाही, त्याचाही या दाहाशी संबंध सापडला आहे.

आता उदासीशी याचा थेट पुरावा काय? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. पहिली ही की ज्या कॅन्सर रुग्णांना मोठे नैराश्य होते, त्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त होते. नैराश्य नसलेल्या कॅन्सर रुग्णांपेक्षाही जास्त. दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर तेव्हा इंटरफेरॉन नावाचे औषध मोठ्या मात्रेत देत. इंटरफेरॉन स्वतःच एक सायटोकाइन आहे, म्हणजे बाहेरून दिलेला दाहाचा निरोप. चाळीस रुग्ण घेतले. निम्म्यांना इंटरफेरॉन सुरू होण्याआधी दोन आठवडे पॅरोक्सेटिन ही उदासीवरची गोळी सुरू केली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांना मोठे नैराश्य आले. गोळी घेतलेल्या गटात ११ टक्के. आजार तोच, इंटरफेरॉन तेच. शरीरातल्या रसायनाने उदासी येते आणि औषधाने ती रोखताही येते, हे यातून समोर आले.

आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटल आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. त्याला नाव आहे नर्गिस दत्त यांचे. या मोठ्या अभिनेत्रीचे निधन ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने झाले. आणि याच अवयवाच्या कॅन्सरने डॉक्टरांना फार पूर्वी एक इशारा दिला होता. १९३१ साली जोसेफ यास्किन या अमेरिकन डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्यात घबराट, उदासी आणि झोप उडणे ही लक्षणे आधी दिसली आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर नंतर सापडला. आजाराचे नाव कळण्याआधीच मन ढासळले असेल, तर केवळ आजाराच्या बातमीचा धक्का हे त्याचे कारण कसे असेल? त्या काळी उत्तर नव्हते. आज शास्त्रज्ञ जी उत्तरे तपासत आहेत, त्यांत दाह हे एक महत्त्वाचे उत्तर आहे.

पण सगळे खापर दाहावर फोडू नका

इथे जरा थांबून विचार करू. कॅन्सरचा रुग्ण उदास होण्याला साधी, माणसाची कारणेही असतात. मरणाची भीती असते. मुलीचे लग्न राहिलेले असते. सोयाबीन विकून आलेला पैसा तपासण्यांतच गेलेला असतो. जबड्याचे ऑपरेशन झाले की चेहरा बदलतो, बोलणे अडते, चारचौघांत जेवायची लाज वाटते. दुखणे रात्री झोपू देत नाही. किमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. रक्त कमी असणे, थायरॉइड बिघडणे यानेही माणूस मलूल होतो. आणि हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. काळजी आणि जागरण यांनी दाह वाढतो, दाहाने झोप आणि मन बिघडते. एक चाक दुसऱ्याला फिरवते.

म्हणून "दाह आहे ना, मग सूज उतरवायची गोळी द्या" इतके हे सोपे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या साठ जणांवर टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरून पाहिले. हे कॅन्सरचे रुग्ण नव्हते. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फायदा दिसला नाही. ज्यांचे सीआरपी सुरुवातीलाच जास्त होते, त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली. म्हणजे प्रत्येकाची उदासी दाहाची नसते आणि प्रत्येकाला एकच औषध चालत नाही. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून रुग्णाला रोज देऊ नका. किमो चालू असताना त्या पोट, किडनी आणि रक्त गोठण्यावर घातक ठरू शकतात. हळदीच्या कॅप्सूल, कुणी सांगितलेला काढा, पुडी हेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. भाजीतली हळद राहू द्या, तिला कुणाची हरकत नाही.

किती जणांना होते हे?

२०११ मध्ये चौऱ्याण्णव अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. कॅन्सरवर दवाखान्यात उपचार घेणाऱ्या रुग्णांत साधारण सहापैकी एकाला वैद्यकीय अर्थाने नैराश्य होते. मनाचे इतर त्रास धरले, तर दहापैकी तीन-चार जण. म्हणजे दहापैकी सहा-सात जणांना असे निदान लागू होत नाही. भीती आणि रडू सगळ्यांनाच येते, ते आजारपण नव्हे. पण ज्यांना हे खरेच जडते, त्यांच्याकडे लक्ष गेले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये एकवीस हजारांहून जास्त कॅन्सर रुग्ण तपासले, तेव्हा नैराश्य असलेल्या दर चार जणांपैकी जवळपास तिघांना त्यावर नीट इलाजच मिळत नव्हता. तिकडे ही गत, तर आपल्याकडची कल्पना करा.

इलाज न मिळण्याची किंमत मोठी आहे. उदास रुग्ण जेवत नाही, गोळ्या चुकवतो, "आता किमोला जायचे नाही" म्हणतो. घरचे समजतात, थकले बिचारे, त्यांची मर्जी. पण तो नकार त्यांचा असतो की उदासीचा, हे कुणी विचारत नाही. बरा होऊ शकणारा कॅन्सर अशाने हातातून निसटू शकतो.

ओळखायचे कसे?

कॅन्सरमध्ये भूक, झोप, ताकद अशीही कमी होतेच. म्हणून नुसत्या त्या लक्षणांवरून कळत नाही. डॉक्टर दोन प्रश्न आधी विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटले का? गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असे झाले का? यांतल्या एकाचेही उत्तर "हो" असेल, तर पुढे तपासायला हवे. याशिवाय स्वतःला ओझे समजणे, "माझ्यामुळे घर बुडाले" असे सारखे म्हणणे, जवळच्यांनाही भेटायला नकार देणे, याकडे लक्ष ठेवा.

आपल्या घरांत इथे भाषेचा एक पेच होतो. आपली बुजुर्ग माणसे "मैं उदास हूँ" असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, "दिल नै लगरा", "जी घबराता", "जी बैठा जाता". दवाखान्यात सोबत गेलेला मुलगा डॉक्टरांना मराठीत सांगतो, "यांना जरा घाबरल्यासारखं होतं." डॉक्टर छातीची पट्टी काढतात, ती चांगली निघते, विषय संपतो. तर मुलांनो, अम्मी जे शब्द वापरतात तेच शब्द आधी डॉक्टरांना सांगा. मग मराठीत स्पष्ट करा: "यांचे मन कशात लागत नाही, पंधरा दिवस झाले, रडतात, बोलत नाहीत." किती दिवस झाले हे नक्की सांगा.

दुसरी गोष्ट बायकांची. नवरा, मुलगा, दीर समोर उभे असताना कुठली बाई सांगेल की तिला जगावेसे वाटत नाही? पाच मिनिटे तिला नर्सताईंसोबत किंवा डॉक्टरीणबाईंसोबत एकटी सोडा. तेवढ्यात पुष्कळ कळते.

सब्र आणि इलाज

सब्र ही आपली फार मोठी ताकद आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. नमाज, दुआ, तिलावत यांनी अनेक रुग्णांना खरोखर आधार मिळतो. प्रश्न आहे तो सब्रचा अर्थ आपण काय लावतो याचा. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा लहान मुलांनाही ठाऊक आहे. मुलाच्या ताटातुटीत ते इतके रडले की डोळ्यांची नजर गेली. तरी सब्रची मिसाल म्हणून आपण त्यांचेच नाव घेतो. म्हणजे रडणे आणि सब्र एका माणसात राहू शकतात.

शिवाय तापाला आपण औषध देतो, साखरेला गोळी देतो आणि सोबत दुआ करतो. दोन्हीत आपल्याला विरोध दिसत नाही. मग त्याच रक्तातल्या त्याच दाहाने मेंदूवर परिणाम केला, तर तिथेच औषध का अडावे? "असर आहे", "नजर लागली" म्हणत महिना-दोन महिने इकडेतिकडे फिरण्यात जातात आणि किमोच्या तारखा चुकतात. दम करून घ्यायचे असेल तर घ्या, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

अयादतीला जाणाऱ्यांनीही थोडे जपावे. "आमच्या फलाण्याला असाच झाला होता, सहा महिन्यांत गेला" ही गोष्ट रुग्णाच्या उशाशी सांगायची नसते. थोडा वेळ बसा, ऐका, दुआ द्या, उठा.

इलाज काय आहे?

स्कॉटलंडमध्येच कॅन्सर आणि नैराश्य दोन्ही असलेल्या पाचशे रुग्णांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीप्रमाणे सोडले. निम्म्यांसाठी खास शिकवलेल्या कॅन्सर नर्स, मानसोपचारतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर यांनी मिळून काम केले. नर्स नियमित भेटत, बोलत, अडचणी सोडवायला मदत करत, गोळ्या नीट घेतल्या जातात का पाहत. चोवीस आठवड्यांनी या गटातल्या ६२ टक्के रुग्णांची उदासी निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली होती. दुसऱ्या गटात १७ टक्के. कुठलेही नवे महागडे औषध यात नव्हते. विचारपूस आणि चिकाटी होती.

उदासीवरच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे गैरसमज आहेत. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची नशा होत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडायच्या नाहीत. बरे वाटले तरी एकदम बंद करायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेक भगिनींना टॅमॉक्सिफेनची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. उदासीवरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, शरीरात टॅमॉक्सिफेनचे काम कमी करू शकतात. दुसऱ्या सुरक्षित गोळ्या आहेत. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना कॅन्सरच्या सगळ्या गोळ्या दाखवा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्या सांगा. लपवू नका.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. चालणे हे त्यात पहिले. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रोज थोडे थोडे, अंगणात का होईना. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या दोनशे महिला होत्या. बारा आठवडे योगासनांचा वर्ग केलेल्यांमध्ये वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी थकवा कमी होता आणि इंटरल्युकिन-६ सह दाहाचे निरोपही कमी होते. झोपेची वेळ ठरवा, रात्री मोबाइल बाजूला ठेवा. दुखणे सहन करत बसू नका, त्यासाठी नीट औषध मागा. साखर काबूत ठेवा. तोंडाची स्वच्छता ठेवा, कारण सुजलेल्या हिरड्याही दाहाचे घर असतात. तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण घरातली बंदी आपल्यालाच घालायची आहे.

रमजानबद्दल थोडे. किमो चालू असलेल्या माणसाला रोजा सोडण्याची सवलत दीनने दिलेली आहे. पाणी आणि गोळ्या बंद करून अंगाची आग वाढवणे कुणी मागितलेले नाही. डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना दोघांनाही विचारा. रोजा नाही म्हणून रुग्णाला दस्तरखानापासून मात्र दूर ठेवू नका. इफ्तारला सगळ्यांत बसवा.

दोन प्रसंगी अजिबात थांबायचे नाही. किमो चालू असताना १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा माणूस अचानक बरळू लागला, तर ती उदासी समजू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि रुग्ण जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर "तौबा करा" म्हणून तोंड बंद करू नका. एकटे सोडू नका, औषधांचा आणि कीटकनाशकाचा साठा हाताबाहेर ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आपल्या भागात कुठे जायचे?

लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कॅन्सरचा इलाज लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला टाटात चालू असेल, तर तिथल्याच डॉक्टरांना मनाचा त्रास सांगा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत यासाठी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ असतात, आपण मागितले नाही तर कुणाला कळणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात, त्याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. पैशाची काळजी हलकी झाली की मनही हलके होते. घरून बाहेर पडणे जमत नसेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट बोलता येते, मराठीतही.

आपला भाग मागास आहे, इथे काय होणार, असे म्हणणाऱ्यांना बार्शीचे आणखी एक उदाहरण देऊ. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी करून रोखता येतो का, हे पाहायचे होते. २००९ मध्ये निकाल आला. या तपासणीच्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरच्या डॉक्टरांनी तो अभ्यास वाचला. त्या बायका स्वतःहून दवाखान्यात आल्या नव्हत्या. आरोग्य कार्यकर्त्या दारात गेल्या, बसल्या, समजावून सांगितले, विचारले.

मनाचेही तसेच आहे. कुणी विचारल्याशिवाय ते सापडत नाही. आपल्या घरात, गल्लीत, मोहल्ल्यात कॅन्सरचा रुग्ण असेल तर या आठवड्यात ते दोन प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. उत्तर "हो" आले तर पुढच्या तारखेच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहून न्या: "मन उदास आहे, पंधरा दिवस झाले." डॉक्टरांसमोर ती ओळ मोठ्याने वाचा. अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो.